वणवा विझवायला गेलेल्याची नोकरी

कामाच्या ऐन गर्दीत निरोप येतो, गावाबाहेर वणवा भडकलेला असतो आणि हातातले काम तसेच टाकून एखादा कारकून किंवा सुतार अग्निशामकाचा पोशाख चढवून बंबावर जातो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण भागात हे दृश्य नवे नाही. तेथे वणव्यांशी झुंजणाऱ्यांत पगारी जवानांपेक्षा स्वयंसेवकांचीच संख्या मोठी आहे. एकट्या न्यू साऊथ वेल्स राज्याच्या रूरल फायर सर्व्हिसमध्ये सुमारे ७० हजार स्वयंसेवक आहेत. चार दिवसांनी हा माणूस परतला, तर त्याची नोकरी शाबूत असेल काय?

या प्रश्नाचे उत्तर 'फेअर वर्क' या २००९च्या कायद्यात आहे. 'समाजसेवा रजा' या नावाची तरतूद १ जानेवारी २०१०पासून देशभर लागू झाली. मान्यताप्राप्त अग्निशमन, नागरी संरक्षण किंवा बचाव संस्थेचा सदस्य आपत्तीच्या कामावर गेला, तर तेवढा काळ त्याला गैरहजर राहता येते. विशेष म्हणजे या रजेला दिवसांची कमाल मर्यादा नाही. गैरहजेरी परिस्थितीच्या मानाने वाजवी असावी, एवढीच अट आहे. जाण्या-येण्याचा वेळ आणि कामगिरीनंतरची विश्रांतीही तीत मोजली जाते. रात्रभर आगीशी झुंजलेल्या माणसाला सकाळी यंत्रावर उभे करणे धोक्याचेच. रोजंदारीवरील हंगामी कामगारालाही ही सवलत आहे. मालकाला शक्य तितक्या लवकर कळवावे लागते. मात्र आणीबाणीत ही सूचना कामावरून निघून गेल्यानंतर दिली तरी चालते. मालक पुरावा मागू शकतो. अशा वाजवी गैरहजेरीसाठी कामावरून काढणे बेकायदा आहे.

उणीव आहे ती वेगळीच. ही रजा बिनपगारी आहे. त्याच कायद्यात ज्युरीच्या कामासाठी जाणाऱ्याला पहिल्या दहा दिवसांच्या वेतनाची भरपाई मालकाकडून मिळते. आगीत उतरणाऱ्याला मात्र कायद्याने काहीच मिळत नाही.

वणवे दोन-चार दिवसांत आटोक्यात येत, तोवर हे कोणाला फारसे बोचले नसावे. २०१९-२०च्या उन्हाळ्यात मात्र आगी महिनोन्‌महिने धुमसत राहिल्या. ३३ जणांचा बळी गेला, तीन हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली. आठवडेच्या आठवडे मोर्चावर असलेल्या स्वयंसेवकांच्या घरचे हप्ते थकू लागले. वाढत्या टीकेनंतर पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी डिसेंबर २०१९च्या अखेरीस आर्थिक साह्य जाहीर केले. दहा दिवसांहून अधिक काळ कामगिरीवर असलेल्या, स्वयंरोजगार करणाऱ्या अथवा लहान-मध्यम उद्योगांत नोकरी करणाऱ्या स्वयंसेवकांना दिवसाला ३०० डॉलरपर्यंत, एकूण सहा हजार डॉलरच्या मर्यादेत रक्कम देण्याचे ठरले. ही मदत त्या हंगामापुरती होती. कायद्यातील रजा बिनपगारीच राहिली.

जर्मनीने ही गाठ आधीच सोडवली आहे. १९५०मध्ये स्थापन झालेल्या 'टीएचडब्ल्यू' या केंद्रीय मदत संस्थेचा स्वयंसेवक कामगिरीवर गेला की मालक त्याचा पगार चालू ठेवतो आणि खासगी मालकाला ती रक्कम सरकारकडून परत मागता येते. म्हणजे सेवेचा भार ना कामगारावर, ना छोट्या कारखानदारावर. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाने आणखी एका बाबीचा विचार केला : ५० किंवा अधिक नोकर असलेल्या मालकाने स्वयंसेवी अग्निशामकाला प्रशिक्षणासाठीही वर्षाकाठी १४ दिवसांपर्यंत रजा द्यावी लागते.

भारतात या विचाराचे सर्वांत जवळचे उदाहरण प्रादेशिक सेनेचे. १९४८च्या प्रादेशिक सेना कायद्यानुसार, लष्करी सेवेसाठी बोलावलेल्या नोकरदाराला सेवा संपल्यावर पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर कामावर परत घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे.