केनियातील यंत्रबुद्धीचे नियमन : ‘किपांडे’पासूनचा पूर्वेतिहास

केनियाने कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचे राष्ट्रीय धोरण मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. तथापि तेथील नियमनाचा इतिहास त्या वर्षापासून मोजणे युक्त नव्हे. १९१५ च्या वसाहतकालीन नोंदणी-कायद्यान्वये आफ्रिकी पुरुषास ‘किपांडे’, म्हणजे बोटांचे ठसे व मालकाच्या नोंदी असलेला दाखला, धातूच्या डबीत घालून गळ्यात बाळगावा लागे. २०१९ च्या पूर्वार्धात ‘हुदुमा नंबा’ ह्या नावाने पुन्हा सर्वांचे ठसे घेण्यात आले. (‘हुदुमा’ हा शब्द आपल्या ‘खिदमती’चाच अरबी सोयरा होय, सेवा कोणी कोणाची करावयाची, हा प्रश्न मात्र शब्दकोशाबाहेरचा.) व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, म्हणजे ठसे घेऊन झाल्यावर. ओळखपत्रांसाठी दीर्घकाळ ताटकळलेल्या नुबी समाजाच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली. जानेवारी २०२० मध्ये उच्च न्यायालयाने जनुकीय माहिती गोळा करण्यास मनाई केली, व पुरेशी नियमचौकट असल्याखेरीज योजना पुढे नेऊ नये असे बजावले. ऑक्टोबर २०२१ मध्ये, परिणामांची पूर्वतपासणी न केल्याबद्दल, ओळखपत्रांचे वितरणच अवैध ठरविले. २०२५ चे धोरण हा कायदा नव्हे. केवळ यंत्राने घेतलेल्या निर्णयाविरुद्ध नागरिकास दाद मागता येते ती २०१९ च्या कायद्यातील ३५ व्या कलमान्वये.