मौनाचा अर्थ

मौन म्हणजे संमती, असे आपण लोकव्यवहारात मानतो. यंत्रांच्या बाबतीत हा न्याय लावला तर काय होते, याचा इतिहास उद्बोधक आहे.

12 जून 1889 रोजी आयर्लंडमधील आर्मा येथून मुलाबाळांनी भरलेली सहलीची आगगाडी निघाली. चढावर इंजिन थकले, तेव्हा गाडी मधून तोडून पुढचे डबे आधी नेण्याचे ठरले. ब्रेक होते, पण इंजिनाने लावले तरच ते लागत. गाडी तोडताच मागचे दहा डबे केवळ गार्डच्या हातब्रेकवर व चाकांखालच्या दगडांवर राहिले. ते घसरले, मागून येणाऱ्या गाडीवर आदळले, आणि सुमारे 80 माणसे प्राणास मुकली. वास्तविक वेस्टिंगहाउसने 1872 च्या सुमारास अमेरिकेत उलट योजना केली होती : नळीतील हवेचा दाब ब्रेक सोडून धरी, नळी तुटताच ब्रेक आपोआप लागे. आर्मानंतर त्याच वर्षी ब्रिटनने उतारूंच्या गाड्यांना स्वयंचलित ब्रेक कायद्याने सक्तीचे केले.

पुढे 1898 मध्ये टेस्लाने न्यूयॉर्क येथे बिनतारी लहरींनी चालणारी नाव दाखविली. आता यंत्र आणि माणूस यांच्यामधला दुवाच अदृश्य झाला. तो तुटला हे यंत्राने ओळखावे कसे?

1994 साली सॅन फ्रान्सिस्कोत बिनतारी यंत्रांच्या झुंजी सुरू झाल्या, तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर आला. करवती व फिरती पाती वागविणारे यंत्र संदेश तुटल्यावरही शेवटची आज्ञाच पाळीत राहिले, तर शेजारी उभ्या माणसाची गत काय? म्हणून आज अशा सामन्यांत झुंजीपूर्वी परीक्षा घेतात. यंत्राची चाके जमिनीपासून उचलून ठेवतात, ती फिरवितात, आणि हातातील ट्रान्समीटर बंद करतात. चाके थांबलीच पाहिजेत. शस्त्राची शक्तीही तुटली पाहिजे. जड पाते लगेच थांबत नाही, म्हणून अनेक नियमावल्या त्याला 60 सेकंदांची मुदत देतात. येथे एक मेख आहे. संदेश तुटल्यावर काय करायचे, हे अनेक रिसीव्हरांना आधी शिकवावे लागते. शिकविताना वेगाची दांडी चुकून पुढे राहिली, तर संदेश तुटताच यंत्र पूर्ण वेगाने धावेल! यास्तव उपकरण बसविले एवढ्यावर विश्वासणे पुरेसे नाही; ते प्रत्यक्ष तोडून पाहावे लागते.

आर्माच्या डब्यांपासून या झुंजीच्या रिंगणापर्यंत धडा एकच आहे, असे आम्हांस वाटते. आज्ञा येईनाशी झाली की यंत्राने त्याचा अर्थ ‘थांब’ असाच घ्यावा, आणि तशी तजवीज माणसाने आधीच करून ठेवावी.