राष्ट्रीय लॉटरी निधी, ब्रिटन
ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीतून लोकोपयोगी कामांसाठी बाजूला काढली जाणारी रक्कम. लॉटरी सुरू करणाऱ्या १९९३ च्या कायद्यानंतर पहिली सोडत १९ नोव्हेंबर १९९४ रोजी निघाली. निधीचे ४० टक्के आरोग्य, शिक्षण, पर्यावरण व धर्मादाय कामांना, तर कला, क्रीडा आणि वारसा यांना प्रत्येकी २० टक्के मिळतात. अनुदान कोणाला द्यायचे हे मंत्री नव्हे, स्वायत्त मंडळे ठरवतात. हा पैसा सरकारी खर्चाला पूरक असावा, त्याची जागा घेऊ नये, असे तत्त्व आहे. हे तत्त्व पाळणे मात्र अवघड. निधीच्या वाटपावर वादही झाले: १९९५ मध्ये माजी पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांची कागदपत्रे त्यांच्या कुटुंबाकडून या निधीच्या सुमारे सव्वा कोटी पौंडांच्या अनुदानातून विकत घेतली गेली, तेव्हा गरिबांच्या तिकिटांचा पैसा श्रीमंत घराण्याला गेल्याची टीका झाली.