खर्जाची मुखत्यारी

कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालविता चालविता वाद्यनिर्मितीकडे वळलेले, आणि स्वतःला गिटार वाजविता येत नसलेले लिओ फेंडर यांनी १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ हे वाद्य बाजारात आणले, तेव्हा त्यावर घुंड्या दोनच होत्या: एक आवाज कमीजास्त करणारी आणि दुसरी तीव्र स्वरांश छाटणारी. तत्पूर्वी वाद्यवृंदातील खर्जाचा सारा भार ज्या उभ्या डबल बेसवर असे, ते वाद्य पुरुषभर उंचीचे, प्रवासाला अत्यंत गैरसोयीचे आणि ड्रम व पितळी वाद्यांच्या गदारोळात ऐकूही न येणारे होते. सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी त्याला आटोपशीर विद्युत्‌वाद्याचे रूप देण्याची खटपट १९३० नंतरच्या दशकातच केली होती, परंतु तिला लोकाश्रय लाभला नाही. फेंडर यांचे वाद्य खांद्याला अडकविता येई, त्याच्या तारेची वाजती लांबी ३४ इंच होती, आणि दांडीवर पडदे असल्यामुळे स्वरस्थान अंदाजाने शोधण्याचे कारण उरले नव्हते.

या सुटसुटीतपणात एक उणीव मात्र दडलेली होती. लोहचुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घालून पिकअप तयार होतो, आणि त्याच्यावरची पोलादी तार कंप पावली की त्या वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. वेढे जितके अधिक तितका आवाज मोठा हे खरे, पण त्याबरोबर तंत्रज्ञ ज्याला इंपीडन्स म्हणतात तो अवरोधही वाढतो, आणि असा प्रवाह लांब केबलमधून ध्वनिवर्धकाकडे जाता जाता आपले तीव्र स्वरांश वाटेतच गमावून बसतो. टोनच्या घुंडीला त्यात भर घालण्याचा अधिकार नाही. जे जमेस आले असेल त्यातून वजावट करणे, एवढीच तिची सनद. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीसाठी जेम्स जेमर्सन यांनी असल्याच वाद्यावर, वर्षानुवर्षे न बदललेल्या तारांवर, केवळ उजव्या तर्जनीने जे वादन केले ते ऐकता ही उणीव मुळी उणीवच नव्हती असे कोणी म्हणेल, तर त्याच्याशी मी वाद घालणार नाही. परंतु जेमर्सन स्टुडिओत वाजवीत होते. १९६५ नंतर सान फ्रान्सिस्कोच्या परिसरात रॉक संगीत जेव्हा हजारो श्रोत्यांच्या सभागृहांत शिरले, तेव्हा खर्जाचा स्वर मागच्या रांगेपर्यंत पोहोचताना नुसता घुमू लागला, आणि वादकाने काय वाजविले याचा पत्ता ना श्रोत्याला लागे ना खुद्द वादकाला.

या अडचणीचा बंदोबस्त ज्यांनी मनावर घेतला ती मंडळी ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाच्या गोतावळ्यातली होती. ज्यांच्या रसायनविद्येची दखल संगीतज्ञांपेक्षा पोलिसांनीच अधिक घेतली असे ऑव्झली स्टॅन्ले यांच्या प्रेरणेने १९६९ साली ‘अलेम्बिक’ नावाची एक कार्यशाळा उभी राहिली. ॲम्पेक्स या ध्वनिमुद्रण-यंत्रांच्या कंपनीतून आलेले रॉन विकरशॅम विद्युत्‌मंडलांचे जाणकार, रिक टर्नर लाकूडकामातले आणि बॉब मॅथ्यूज ध्वनिमुद्रणातले, असे तिघे तिचे समान भागीदार झाले. आरंभी नवी वाद्ये घडविण्याचा त्यांचा बेत नव्हता. फिल लेश आणि जॅक कॅसडी या दोन वादकांची कारखान्यात तयार झालेली गिल्ड स्टारफायर वाद्ये पोखरून त्यांत नवे अंतरंग बसविण्यापासून त्यांनी सुरुवात केली.

विकरशॅम यांचा विचार साधा आणि म्हणूनच दूरगामी होता. वेढे कमी केले तर अवरोध घटतो आणि तीव्र स्वरांश शाबूत राहतात. आवाज अर्थातच अगदी क्षीण होतो, पण त्याची भरपाई वाद्याच्या पोटातच एक छोटा प्रीॲम्प्लिफायर बसवून करिता येते. दुसरा प्रश्न गुणगुणीचा. अमेरिकेतील विजेचा पुरवठा सेकंदाला ६० आवर्तनांचा असतो आणि त्याची गुणगुण पिकअप बिनतक्रार उचलतो. आता बेसच्या सर्वांत खालच्या तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ आंदोलनांचा, म्हणजे ही गुणगुण नेमकी खर्जाच्या मुलखातच ठाण मांडून बसलेली, आणि ती गाळू जावे तर संगीतही गाळले जावे. यावर त्यांनी दोन पिकअपांच्या मध्ये एक चुंबकहीन वेटोळे बसविले, ज्याला तारेचा कंप कळत नाही, फक्त गुणगुण तेवढी कळते, आणि ती उलटी करून मूळ प्रवाहात मिसळली की दोन्ही परस्परांना मारतात. तिसरी गोष्ट गाळणीची: तीव्र स्वरांश कोणत्या मर्यादेपलीकडे छाटायचे ती मर्यादा वादकाने घुंडीने स्वतः ठरवावी, आणि त्या मर्यादेवरचा स्वर हवा तर कळ फिरवून उठावदार करावा. अलेम्बिकच्या वाद्यांविषयी बोलताना लोक त्यांच्या अक्रोडाच्या आणि मेपलच्या थरांचे, पितळी घोडीचे कौतुक करितात. माझ्या मते त्यांचे खरे कर्तृत्व या गाळणीत आहे, कारण नादाचा जो कारभार पूर्वी ध्वनिमुद्रकाच्या मेजावर चाले तो तिच्यामुळे वादकाच्या हाताखाली आला.

१९७२ साली कॅसडी यांच्यासाठी त्यांनी संपूर्णपणे आपले असे पहिले बेस गिटार घडविले. त्यातले पिकअप पितळी दांड्यांवरून पुढेमागे सरकविता येत. यात चैन होतीच, पण नुसती चैन नव्हती: कंपणाऱ्या तारेवर प्रत्येक स्वरांशाचे काही बिंदू निश्चल असतात, आणि पिकअप जर अशा बिंदूखाली आला तर तो स्वरांश त्याला ऐकूच येत नाही, तेव्हा पिकअप कोठे बसवावा हा प्रश्न सुताराचा नसून नादशास्त्राचा आहे, आणि तो वादकाच्या कानाने सोडविण्याची ही तजवीज होती. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना ती खुली हवी की बंद हे गवयाला समोर बसवून ठरवितो, त्यातलाच हा प्रकार म्हणावयाचा. भेद इतकाच की येथे निर्णय वाद्य हातात पडल्यावरही कधीच पक्का होत नसे. या अनिर्णयाचा वादकाला ताप किती झाला असेल, असेही कधी मनात येते.

या विचाराची परिसीमा १९७४ साली झाली. लेश यांच्या वाद्यातील एक पिकअप चारही तारांचे प्रवाह अलग अलग काढी, आणि ग्रेटफुल डेडच्या मागे उभ्या राहणाऱ्या, सुमारे ६०० कर्ण्यांच्या आणि ७५ टन वजनाच्या ‘वॉल ऑफ साउंड’ नामक अजस्र भिंतीत प्रत्येक तारेचा स्वर स्वतंत्र कर्ण्यांतून निघू शके. हा सरंजाम वाहून नेण्याचा खर्च कोणाही संस्थानाचा खजिना रिता करील असा होता, आणि त्याच वर्षी तो मोडीत निघाला.

वाद्ये मात्र टिकली. स्टॅन्ली क्लार्क यांची कथा प्रसिद्ध आहे: मैफलीनंतर टर्नर त्यांना भेटले, तुमचे वादन उत्तम पण आवाज वाईट असे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि आपले वाद्य हाती दिले. त्या वाद्यावर क्लार्क यांनी बेसला साथीच्या पंक्तीतून उठवून मुख्य गायकाच्या जागी बसविले. १९७६ चा ‘स्कूल डेज’ हा त्यांचा संग्रह त्याची साक्ष. त्याच वर्षी जिमी जॉन्सन यांच्यासाठी पाच तारांचे वाद्य झाले, ज्याची पाचवी तार ३१ आंदोलनांपर्यंत खाली उतरे. आणि साधे प्रीॲम्प्लिफायर, एक बॅटरी व मोजक्या घुंड्या घेऊन म्युझिक मॅन कंपनीचे ‘स्टिंगरे’ बाजारात आले ते १९७६ मध्येच. त्याच्या निर्मितीत लिओ फेंडर स्वतः होते, हे विशेष. आणि याच साली जॅको पास्टोरियस यांनी पडदे काढलेल्या जुन्या फेंडर जॅझ बेसवर, ज्यात बॅटरीचा मागमूस नव्हता, असे वादन मुद्रित केले की सगळ्या मंडलवाल्यांनी क्षणभर हातातील डाग देण्याची कांडी खाली ठेवावी.

तेव्हापासून आपल्या फर्माइशीचे बेस करवून घेणाऱ्याला कारागीर जे प्रश्न विचारतो त्यांत तारा किती, पिकअप कोठे, बॅटरी ९ व्होल्टची की दोन मिळून १८ ची, हे आता मामुली झाले आहेत. ऐन मैफलीत बॅटरी संपली तर प्रीॲम्प्लिफायर वगळून पिकअप सरळ केबलला जोडणारी एक कळही बहुधा सुचविली जाते. पण ज्याने अलेम्बिकच्या धर्तीवर थोड्या वेढ्यांचे पिकअप मागितले असतील त्याला ही कळ घेण्यात अर्थ नाही, कारण प्रीॲम्प्लिफायरवाचून त्यांचा आवाज मंचाबाहेर जाणारच नाही, आणि त्याने जादा बॅटरी पेटीत बाळगलेली बरी.