पुस्तके आली, गाणे राहून गेले

दलित साहित्याची चर्चा निघाली की अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याचा दाखला आपल्याकडे हमखास दिला जातो. हे नाते आजचे नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ साली द्यु बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ऑकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाचे नाव घेऊन. त्यानंतर तेव्हाच्या शब्दात ‘निग्रो’ म्हणवल्या जाणाऱ्या कवितेवर, कादंबरीवर आणि आत्मकथनांवर मराठी नियतकालिकांतून पुष्कळ लिहिले गेले. लँगस्टन ह्यूज, रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन ही नावे आपल्या व्यासपीठांवर रुळली.

या देवघेवीत एक बाजू मात्र रिकामी राहिली. आपण त्यांचे ग्रंथ घेतले. पण ग्रंथ न वाचणारा काळा समाज काय पाहत होता, काय ऐकत होता, याकडे आपल्या चर्चेचे लक्ष गेले नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये किंवा लॉस एंजलिसच्या वॉट्समध्ये राहणाऱ्या पोराला बाल्डविन क्वचितच भेटत होता. त्याला भेटत होती काही सेंटांची चित्रकथा, सिनेमाचा पडदा आणि ग्रामोफोनची तबकडी. तिथे त्याला स्वतःचा चेहरा कोणी दाखवला, कोणत्या अटीवर दाखवला आणि केव्हा काढून घेतला, हा प्रश्न साहित्याच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. १९७६ ते १९७९ या चार वर्षांपुरता तो येथे तपासायचा आहे.

प्रथम चित्रकथा. ‘ब्लॅक पँथर’ हा वीर मार्व्हल कंपनीच्या चित्रकथेत १९६६ च्या उन्हाळ्यात अवतरला. स्टॅन ली आणि जॅक कर्बी हे त्याचे दोन्ही निर्माते गोरे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ऑकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष काढला. पक्षाने नाव घेतले ते अलाबामातील काळ्या मतदारांच्या संघटनेच्या निशाणीवरून, चित्रकथेवरून नव्हे. पुढे पक्षाचा दरारा वाढला तशी कंपनीची अडचण झाली, आणि १९७२ च्या प्रारंभी या वीराने आपण ‘ब्लॅक लेपर्ड’ झाल्याचे एका अंकात जाहीर केले. हा बदल फार टिकला नाही, पण योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या वर्षी मुंबईच्या तरुणांनी ‘पँथर’ हे नाव छातीवर घेतले, त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कंपनीला ते नाव जड झाले होते.

१९७३ पासून डॉन मॅकग्रेगर या लेखकाने ‘जंगल ॲक्शन’ या मासिकात पँथरची दीर्घ कथा लिहिली. चित्रे पुढे बिली ग्रॅहम या काळ्या चित्रकाराने काढली. याच मासिकाचे आधीचे अंक जंगलात राज्य करणाऱ्या गोऱ्या वीर-वीरांगनांच्या जुन्या कथांवर चालले होते. आता त्यात जवळजवळ सगळी पात्रे आफ्रिकेची आली, तेव्हा ‘गोरे कुठे आहेत?’ अशी विचारणा संपादकीय खोलीतून झाल्याचे मॅकग्रेगरने पुढे सांगितले. १९७६ मध्ये त्याने पँथरला अमेरिकेच्या दक्षिणेत आणले आणि कू क्लक्स क्लॅनसमोर उभे केले. कथा रंगात आली असतानाच वर्षअखेरीस मासिक बंद झाले. १९७७ च्या जानेवारीत पँथरचे स्वतंत्र मासिक निघाले, पण त्यात क्लॅनचा मागमूस नव्हता. पँथर जादूच्या वस्तूंच्या शोधात निघाला होता. अर्धवट राहिलेली लढाई दोन-तीन वर्षांनी दुसऱ्याच लेखकाकडून उरकण्यात आली. विक्री कमी होती, हे कारण खोटे नव्हते. परंतु काल्पनिक देशाच्या काल्पनिक शत्रूशी लढताना मिळालेली मुभा घरच्या शत्रूशी लढताना पुरी पडली नाही, हेही तितकेच खरे आहे.

१९७७ सालीच डीसी या दुसऱ्या कंपनीने ‘ब्लॅक लाइटनिंग’ आणला. कंपनीच्या हाती आधी वेगळीच कल्पना होती: काळ्यांचा द्वेष करणारा एक गोरा मनुष्य संकटाच्या वेळी काळा वीर बनतो! टोनी इझाबेला या गोऱ्या लेखकाने ती हाणून पाडली आणि त्याऐवजी जेफरसन पिअर्स हा नायक दिला. चित्रकार ट्रेव्हर व्हॉन ईडन हा काळा असून अजून विशीतही आला नव्हता. हा पिअर्स व्यवसायाने शिक्षक आहे. शिकून, खेळात नाव कमावून तो ज्या गलिच्छ वस्तीत वाढला तिथल्याच शाळेत परत येतो आणि मुलांना नासवणाऱ्या टोळीशी लढतो. घरात पहिल्यांदा पदवी घेऊन वर्गात उभ्या राहिलेल्या माझ्यासारख्याला हा नायक परका वाटत नाही.

पण त्याच्या वेषातला एक तपशील मनाला टोचतो. पिअर्स वर्गात शुद्ध इंग्रजी बोलतो. ओळख लपवण्यासाठी मुखवटा चढवतो, तेव्हा मुखवट्यालाच जोडलेला कुरळ्या केसांचा टोप डोक्यावर येतो आणि तोंडी गल्लीतली भाषा. म्हणजे आपल्या माणसांचे केस आणि आपल्या माणसांची बोली हे त्याचे सोंग ठरते, आणि शाळेने दिलेली भाषा खरी ठरते. आपल्यापैकी कित्येकांचे आयुष्य याच्या उलट चालते. वस्तीची बोली घरी ठेवून आपण प्रमाण भाषेचा मुखवटा लावून कॉलेजात जातो. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले आणि ती घरी ठेवलेली बोली छापील पानावर मानाने उभी राहिली. त्याच १९७८ मध्ये डीसीने एका फटक्यात अनेक मासिके बंद केली. शिक्षक-वीराचे मासिक त्यात गेले. चाळीस वर्षांनी, २०१८ मध्ये, ‘ब्लॅक पँथर’ चित्रपटाने जगभरात शंभर कोटी डॉलरहून अधिक धंदा केला. दिग्दर्शक रायन कूगलर हा काळा आणि मूळचा ऑकलंडचा. पण त्या वीराची मालकी कंपनीचीच राहिली.

आता सिनेमा. १९७१ मध्ये मेल्विन व्हॅन पीबल्सने स्वतः पैसा उभारून काढलेल्या चित्रपटाने खर्चाच्या कित्येक पट कमाई केली. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंचे तेव्हा दिवाळे निघायची वेळ आली होती. शहरातल्या थिएटरांत काळा प्रेक्षक तिकीट काढतो, हे कळताच काळ्या नायकांचे स्वस्त मारधाडपट भराभर निघू लागले. गुंड आणि दलाल यांनाच आमचे नायक का करता, अशी टीका काळ्यांच्या संघटनांनीच केली. पण ही लाट ओसरली ती टीकेमुळे नव्हे. १९७५ चा ‘जॉज’ आणि १९७७ चा ‘स्टार वॉर्स’ यांनी दाखवून दिले की काळा प्रेक्षक या चित्रपटांनाही येतोच. मग त्याच्यासाठी वेगळा सिनेमा काढण्याचे कारण उरले नाही. ‘स्टार वॉर्स’च्या खलनायकाचा घनगंभीर आवाज जेम्स अर्ल जोन्स या काळ्या नटाचा होता. पडद्यावर काळा चेहरा मात्र शोधून सापडत नव्हता.

त्याच वर्षी जानेवारीत ॲलेक्स हेलीच्या ग्रंथावरील ‘रूट्स’ ही मालिका दूरचित्रवाणीवर सलग आठ रात्री दाखवली गेली. सुमारे १३ कोटी प्रेक्षकांनी तिचा काही ना काही भाग पाहिला, असा अंदाज आहे. गुलामगिरीचा इतिहास घराघरांत गेला, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु जी गुलामगिरी कायद्याने शंभर वर्षांपूर्वी संपली तिच्यावर रडणे सोपे असते. आजच्या वस्तीचे काय?

आजच्या वस्तीचा सिनेमा निघाला होता. चार्ल्स बर्नेट या विद्यार्थ्याने वॉट्समध्ये, सुट्टीच्या दिवशी, शेजारपाजारच्या लोकांना घेऊन, दहा हजार डॉलरच्या आत ‘किलर ऑफ शीप’ पूर्ण केला, साल १९७७. नायक स्टॅन कत्तलखान्यात मेंढ्या कापण्याचे काम करतो. त्याला झोप येत नाही. मित्राबरोबर तो गाडीसाठी जुने इंजिन विकत घेतो, जिन्यावरून महत्प्रयासाने उतरवतो, आणि ते टेम्पोतून पडून फुटते. कथा म्हणावी तर एवढीच. मेलेले ढोर ओढणे ज्यांच्या आजा-पणजांच्या वाट्याला आले, त्यांना हा चित्रपट समजावून सांगावा लागणार नाही. येथे कत्तलखाना प्रतीक म्हणून येत नाही. तो पोटाचा धंदा आहे.

या चित्रपटाचे पुढे काय झाले? बर्नेटने त्यात पॉल रोबसन, डायना वॉशिंग्टन अशा काळ्या गायकांची गाणी वापरली होती. त्या गाण्यांचे हक्क कंपन्यांकडे होते आणि ते विकत घ्यायला बर्नेटकडे पैसा नव्हता. त्यामुळे चित्रपट थिएटरात लागू शकला नाही. १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट ठेव्यात त्याची नोंद झाली, आणि थिएटरात तो लागला २००७ मध्ये. तेव्हा गाण्यांच्या हक्कांसाठी दीड लाख डॉलर मोजावे लागले. एका काळ्या माणसाला आपल्याच लोकांचे गाणे आपल्या चित्रपटात ठेवण्यासाठी तीस वर्षे थांबावे लागले.

इथून आपण संगीताकडे येतो. सत्तरच्या दशकात ब्रॉन्क्स जळत होते. वस्त्या फोडून महामार्ग नेला होता, कारखाने गेले होते, आणि विम्याच्या पैशासाठी अनेक घरमालक आपल्याच चाळींना आगी लावून घेत होते. याच ब्रॉन्क्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेचे नवे कपडे घेता यावेत म्हणून इमारतीच्या सामायिक खोलीत नाचाचा कार्यक्रम ठेवला. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. तबकड्या वाजवल्या तिच्या भावाने. जमैकात जन्मलेला हा तरुण ‘कूल हर्क’ म्हणून ओळखला जातो. गाण्यात गायकी थांबून नुसता ताल उरतो, आपल्या ढोलकीच्या तोड्यासारखा, त्याच जागी पोरे बेभान नाचतात, हे त्याने हेरले होते. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लांबवू लागला. वाद्य घ्यायला पैसे नव्हते, शिकवणी नव्हती. दुसऱ्याने विकलेल्या तबकडीचेच वाद्य झाले. मैदानात कार्यक्रम असला की रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून वीज ओढली जाई.

दुसरीकडे डिस्को हे काळ्यांच्या, लॅटिनोंच्या आणि समलिंगींच्या नाचघरांतून वाढलेले संगीत १९७७ च्या ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ने गोऱ्यांच्या घरात नेले. नायक गोरा, मुख्य गायकही गोरे. लोकप्रियता शिगेला पोहोचली तसा रागही वाढला. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानावर एका रेडिओ निवेदकाच्या पुढाकाराने डिस्कोच्या तबकड्या सुरुंगाने उडवण्यात आल्या. तबकडी आणणाऱ्याला तिकीट अठ्ठ्याण्णव सेंट. सुमारे पन्नास हजारांचा जमाव होता. लोकांनी आणलेल्या ढिगात डिस्कोशी संबंध नसलेल्या काळ्या गायकांच्याही तबकड्या होत्या, असे तिथे काम करणाऱ्या एका काळ्या तरुणाने पुढे सांगितले. राग नुसत्या संगीताचा होता काय, हे यावरून समजावे.

त्यानंतर दोनच महिन्यांनी ‘रॅपर्स डिलाइट’ ही तबकडी आली आणि ब्रॉन्क्सची कला देशभर पोहोचली. कंपनीची चालक सिल्व्हिया रॉबिन्सन स्वतः काळी गायिका. म्हणजे आता साधन आपल्या माणसाच्या हाती आले होते. तरीही काय घडले ते पाहा. तिघा गायकांपैकी एकाने ग्रँडमास्टर कॅझ या ब्रॉन्क्सच्या कवीच्या वहीतल्या ओळी घेतल्या, इतक्या जशाच्या तशा की कॅझने ओळीत गुंफलेले स्वतःचे नावही तसेच राहिले. कॅझला ना श्रेय मिळाले ना पैसा. उलट ज्या ‘गुड टाइम्स’च्या तालावर हे गाणे बेतले, तो ताल रचणाऱ्या नाईल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी दावा लावण्याचा इशारा देताच दोघांची नावे तबकडीवर आली. रॉजर्सने कोवळ्या वयात ब्लॅक पँथरमध्ये काम केले होते. त्याच्याकडे करारपत्र होते, वकील होता. कॅझकडे फक्त वही होती.

या वहीपाशी आपला विषय येतो. आंबेडकरी जलशांपासून आपल्याकडे गाण्याची अखंड परंपरा आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात आपली घरे जळाली. त्या काळात ज्यांच्या हाती पुस्तक नव्हते त्यांना धीर दिला तो जयंतीच्या रात्री गाणाऱ्या शाहिरांनी. वामनदादा कर्डक शेवटच्या कडव्यात ‘वामन’ अशी नाममुद्रा घालत. ही संतांची आणि शाहिरांची जुनी रीत. तिने नाव राखले, पण बिदागी राखली नाही. आणि ज्यांचे नाव वामनदादांइतके मोठे झाले नाही, त्यांची नाममुद्राही गाताना गळून पडते.

आपल्या समीक्षेने आत्मकथनांना न्याय दिला, आणि तो योग्यच होता. पण गाण्याला ‘प्रचारी’ म्हणून अंगणात बसवले. घरात कोणाला घ्यायचे आणि अंगणात कोणाला बसवायचे, हे ठरवण्याची सवय आपण कोणाकडून उचलली, याचा विचार व्हायला हवा. अमेरिकेतल्या त्या चार वर्षांचा इतिहास एवढेच सांगतो की लोक आपली कला कशातूनही निर्माण करतात. ती लुटली जाते ती नोंद आणि मालकी नसल्यामुळे. लुटणारा दर वेळी परकाच असतो असे नाही.

म्हणून एक काम तातडीचे वाटते. गावोगावच्या गायन पार्ट्यांच्या वह्या, जयंतीला छापलेल्या चोपड्या, घरातल्या कॅसेट अजून पेट्यांतून पडून आहेत. गाणे कोणी रचले, कोणी गायले, कोणत्या गावी, कोणत्या साली, आणि पैसे कोणाला मिळाले, हे रचणारे आणि गाणारे हयात आहेत तोवर त्यांना विचारून लिहून ठेवले पाहिजे. मराठी विषय घेणाऱ्या आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही उतरवून काढली तरी पुष्कळ होईल. हे काम विद्यापीठाने नेमलेल्या समितीची वाट पाहत थांबवण्याचे कारण नाही.