लॉस एंजेलिसमार्गे मुंबई

आमच्या तानसाचं पाणी 1892पासून मुंबईला जातंय. मुंबईचं एक गाणं मात्र माझ्यापर्यंत आलं ते लॉस एंजेलिसला वळसा घालून. रात्री फोनवर काहीबाही ऐकत होतो, तेव्हा 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' लागलं. करकरणारी गिटार, खाली फंकचा ठेका. अमेरिकन असणार असं वाटलं. शोधलं तर बँड निघाला मुंबईचा!

सत्तरच्या दशकातली ही मुंबई मला कुणी सांगितलीच नव्हती. सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी तेव्हा बँडच्या स्पर्धा भरायच्या. 1970 आणि 1971च्या स्पर्धांतल्या गाण्यांच्या रेकॉर्डही निघाल्या. 1972मध्ये लेड झेपलिनचे पेज आणि प्लांट कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क'मध्ये वाजवून गेले. पण रेकॉर्ड कंपन्यांचा धंदा सिनेमाच्या गाण्यांवर चालायचा. बहुतेक बँड रात्री वाजवायचे आणि ते संगीत तिथेच विरून जायचं.

अ‍ॅटॉमिक फॉरेस्टची 'ऑब्सेशन 77' ही एलपी निघाली. नावात 77, पण बाजारात आली 1981 साली. 77मध्ये लंडनला पंक पेटलं होतं. 81पर्यंत आपल्याकडे 'कुर्बानी'च्या 'आप जैसा कोई'नं घराघरात डिस्को पोचवला होता. रॉक कोण विकत घेणार? रेकॉर्ड विस्मरणात गेली. पुढे परदेशी संग्राहक तिच्या मागे लागले आणि 2011मध्ये लॉस एंजेलिसच्या 'नाऊ-अगेन' लेबलनं या बँडचं संगीत पुन्हा बाजारात आणलं.

आनंद झाला, पण एक गोष्ट खटकते. ज्याची तबकडी उरली, तोच परत आला. त्याच पिढीतले नंदू भेंडे घ्या. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा इंग्रजी रॉक गायचा. 1974मध्ये अलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये तो जुडास झाला. 1978मध्ये पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त अंकुश. जब्बार पटेलांच्या त्या नाटकात रॉक चक्क मराठीतून गायलं गेलं! संग्राहकांच्या याद्यांत हे मला कुठे दिसत नाही. रेकॉर्ड शोधणारा माणूस मराठी नाटकापर्यंत कशाला पोचेल?

2014च्या एप्रिलमध्ये भेंडे गेले. माझ्या काकांनी तो 'तमाशा' पाहिलाय. परवा त्यांना गाण्यांबद्दल विचारलं. शब्द आठवेनात, पण टेबलावर बोटांनी ठेका धरत त्यांनी चाल गुणगुणली. मी ती फोनवर रेकॉर्ड करून ठेवली. मागून पंख्याचा आवाज येतोय.