किक मारून सुरू होणारी जीप: जुगाड आणि कायदा

जुनी जीप मॉडिफाय करायचं वेड आमच्या एमएच-२१ मध्ये, म्हणजे जालन्यातही आहे. माझ्या मित्राला मी आधी देवराष्ट्रे (जि. सांगली) इथल्या दत्तात्रय लोहार यांची गोष्ट सांगितली. त्यांनी भंगारातून साधारण ६० हजारांत छोटी जीप बनवली; ती चक्क किक मारून सुरू व्हायची! डिसेंबर २०२१ मध्ये व्हिडिओ व्हायरल झाला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण गाडी नियमात बसत नाही हेही सांगितलं. जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात लोहारांना नवी बोलेरो मिळाली.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करू देत नाही. मंजूर सीएनजी किट चालतं. बाकी प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा कैदसुद्धा होऊ शकते. म्हणून गॅरेजच्या आधी आरटीओ गाठा.